निवेदनापासून पटलापर्यंत

‘प्रति, मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य. मार्फत : मा. जिल्हाधिकारी, वर्धा. विषय : ...’ आपल्या जिल्ह्यात बहुतेकांनी लोकशाहीची मुळाक्षरे या तीन ओळींवर गिरवली आहेत. पीकविमा असो, कापसाची खरेदी असो की गावाच्या रस्त्यावरचा वाहून गेलेला पूल असो, निवेदन द्यायचे, आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच घ्यायची, साहेबांच्या हाती कागद देतानाचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात पाहायचा. यात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हा कागद विधिमंडळाकडे जातच नाही. तो शासनाकडे जातो, आणि शासन व विधिमंडळ ही दोन वेगळी घरे आहेत.

फरक नुसता पत्त्याचा नाही. निवेदनाला उत्तर आले नाही, तर मंत्र्याला कोणी जाब विचारत नाही. तीच मागणी सभागृहाच्या नियमात बसवून आत गेली, तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते उत्तर छापले जाते आणि पुढची कित्येक वर्षे ते कोणालाही काढून दाखवता येते. मागणी किती रास्त आहे यापेक्षा ती कोणत्या वाटेने आत गेली यावर तिचे भवितव्य पुष्कळदा ठरते. हे कोणाला आवडो न आवडो, तसे आहे.

वर्धेकरांना या बाबतीत एक सोय आहे, ती नागपूरची. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले. राज्य झाल्यापासून, कोविडच्या दोन वर्षांसारखे अपवाद सोडले, तर डिसेंबरात सरकार आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर येऊन बसते. मग यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, चारपाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते आणि ‘सकारात्मक विचार करू’ हे वाक्य घेऊन बाहेर येते. मोर्चाची ताकद मी कमी लेखत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ला याच टी-पॉइंटजवळ चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. मोर्चाने काय किंमत मोजलेली आहे हे नागपूर-वर्धा पट्ट्यात कोणाला सांगायला नको.

तरीही मोर्चा सभागृहाच्या बाहेरच राहतो. डिसेंबर २०१०मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया दारूबंदीसाठी चिमूरहून पायी नागपूरच्या अधिवेशनावर आल्या. समिती बसली, अहवाल आला आणि १ एप्रिल २०१५पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. मे २०२१मध्ये ती उठलीही. बंदी घालणारे मंत्रिमंडळ आणि उठवणारेही मंत्रिमंडळच. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा हाताशी असल्याने दोन्ही वेळा निर्णय शासनाच्या पातळीवर झाला. जे एका बैठकीत दिले जाते, ते एका बैठकीत काढूनही घेता येते. वर्धा तर सत्तरच्या दशकापासून कोरडा जिल्हा आहे, निदान कागदावर. पण तो कोणत्या कागदावर कोरडा आहे, हे विचारण्याची वेळ आपल्यावर सुदैवाने आलेली नाही.

सभागृहाच्या आत जायचे, तर आधी हात शोधावा लागतो, कारण नागरिकाला स्वतः तिथे काही ठेवता येत नाही. वर्ध्याकडे हात बरेच आहेत. विधानसभेत वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी असे चार आमदार. विधान परिषदेत वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचा एक, शिवाय नागपूर विभागाचा पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ. लोकसभेत वर्ध्याचा खासदार, ज्याच्या मतदारसंघात अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शीही येतात. सेलू किंवा कारंजाच्या एखाद्या शिक्षकाला राज्याच्या विधिमंडळातच चार दारे ठोठावता येतात. प्रत्यक्षात तो एकच ठोठावतो, तेही लग्नसमारंभात.

सर्वांत कामाचे आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात. बाकीच्यांची छापील उत्तरे यादीत असतात, आणि खरा माल तिथेच पडलेला असतो. प्रश्नाची भाषा ठरीव आहे. मंत्री ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असे म्हणून सुरुवात. मग (१) अमुक तालुक्यातील अमुक कालव्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरेही तितकीच ठरीव. ‘होय, हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि शेवटी सर्वांचे लाडके, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

हा साचा कोरडा वाटतो, पण तो फार विचाराने बनलेला आहे. पहिल्या भागाला मंत्र्याने ‘होय’ म्हटले की वस्तुस्थिती नोंदली जाते. ‘हे खरे नाही’ म्हटले आणि ते खोटे ठरले, तर हक्कभंगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून खात्याचे अधिकारी ‘अंशतः’ या शब्दावर जीव टाकतात. कोणता अंश खरा हे काढण्यासाठीच उपप्रश्न असतो. प्रश्नात युक्तिवाद, टोमणा, विशेषणे, बदनामीकारक मजकूर, काल्पनिक परिस्थिती किंवा मत विचारणे चालत नाही. न्यायालयात प्रलंबित असलेला विषयही चालत नाही. ‘शेतकऱ्यांच्या तोंडाला पाने पुसणाऱ्या शासनाने’ असे निवेदनात शोभते. प्रश्नात ते आले, की एक तर सचिवालय ते कापते किंवा प्रश्नच नामंजूर होतो. त्यामुळे कार्यकर्त्याने आमदाराकडे जाताना भावना थोड्या कमी आणि गट क्रमांक, मंजुरी आदेशाचा क्रमांक व दिनांक थोडे जास्त न्यावेत. आमदार तुमच्यासाठी संशोधन करायला बसलेला नाही. तुम्ही तयार मसुदा दिलात, तर तो सही करून पाठवण्याची शक्यता पुष्कळ.

तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना आहे, विधानसभेत नियम १०५खाली आणि परिषदेत नियम १०१खाली. पेपरात ती रोज दिसते, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की लक्षवेधीच्या उत्तरात मंत्री सभागृहात ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’ म्हणाला, तर ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीच्या वहीत चढते. शिष्टमंडळाला दिलेला शब्द या वहीत कधीच येत नाही. माणूस तोच, वाक्य तेच, पण टी-पॉइंटच्या अलीकडे त्याला किंमत शून्य. मोर्चावाल्यांनी मंत्र्याकडे एकच मागणी करावी : हेच आत बोला.

विनंती अर्ज ही खरी जुनी वाट. २६ ऑगस्ट १८५२ला जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली. तिचे पहिले मोठे काम म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणावेळी ब्रिटिश पार्लमेंटला पाठवलेला अर्ज. स्वतःचे विधिमंडळ नसलेल्या लोकांनी परक्याच्या विधिमंडळाचे नियम शिकून घेतले होते. तिकडे कॉमन्समध्ये अध्यक्षांच्या खुर्चीमागे अर्जांची पिशवी आजही टांगलेली असते. सदस्याने न बोलता अर्ज तीत टाकला तरी तो सादर झालाच. आपल्या लोकसभेचे नियम अधिक कडक आहेत. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा, भाषा आदराची आणि संयमाची हवी, शेवटी नेमकी मागणी हवी आणि खासदाराची प्रतिस्वाक्षरी हवी. सोबत पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागद जोडायचे नाहीत, ही अट आपल्या लोकांना सर्वांत जड जाईल. सोबत झेरॉक्सचा गठ्ठा जोडल्याशिवाय आपल्याला अर्ज केल्यासारखे वाटतच नाही. राज्याच्या विधिमंडळातही विनंती अर्ज समिती आहे. वर्ध्यातून तिच्याकडे जाणारी वाट गवताने झाकून गेल्यासारखी आहे, असे माझे निरीक्षण.

वर्धा जिल्ह्यातून देशाच्या कायदेमंडळाला थेट हलवण्याचा सर्वांत मोठा प्रसंग पवनारचा. गोहत्याबंदी देशभर व्हावी यासाठी विनोबांनी उपोषण जाहीर केले. १२ एप्रिल १९७९ला लोकसभेत डॉ. रामजी सिंह यांचा त्यासंबंधीचा अशासकीय ठराव ४२ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला. पण ठराव म्हणजे सभागृहाचे मत, कायदा नव्हे. त्याने कोणत्याही राज्याला बांधले नाही. २२ एप्रिलला विनोबांनी पवनारला उपोषण सुरू केले. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी घटनादुरुस्तीचे आश्वासन दिल्यावर २६ तारखेला ते सुटले. १८ मेला विधेयक लोकसभेत मांडले गेले. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. गोवंशाविषयी कोणाचे मत काहीही असो, कार्यपद्धतीचा धडा म्हणून हे चार महिने शाळेत शिकवावेत. विनोबांच्या तपश्चर्येने पंतप्रधान हलला, पण अनुच्छेद १०७ हलला नाही. लोकसभेसमोर पडून असलेले विधेयक सभागृहाबरोबरच जाते.

याच विषयावर महाराष्ट्राचे दुरुस्ती विधेयक १९९५चे. ते विधिमंडळाने संमत केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. संमती मिळाली २०१५मध्ये. म्हणजे एकदा व्यपगत होणे आणि एकदा वीस वर्षे वाट पाहणे, या दोन्ही गती एकाच मागणीच्या वाट्याला आल्या. अशासकीय विधेयकांचे तर विचारूच नका. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम चौदा विधेयके कायदे झाली, शेवटचे १९७० साली. शुक्रवारी दुपारचे दोन-अडीच तास या कामासाठी राखलेले असतात आणि तेव्हा बरेच सदस्य स्टेशनच्या वाटेवर असतात.

आता पटलावर ठेवल्या जाणाऱ्या कागदांविषयी, कारण हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय संसदेच्या कायद्याने झाले. त्यामुळे त्याचा वार्षिक अहवाल आणि लेखे संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे डिसेंबरअखेर, हे व्हावे अशी अपेक्षा असते. उशीर झाला तर कारणांचे निवेदनही पटलावर ठेवावे लागते, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची वेगळी समिती १९७५पासून आहे. वर्ध्यातल्या एखाद्या पत्रकाराला विद्यापीठाच्या फाटकावर ताटकळायची गरज नाही. कागद दिल्लीत उघडा पडलेला असतो.

राज्यातही तसेच. महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१प्रमाणे राज्यपालांकडे येतात आणि विधिमंडळापुढे ठेवले जातात. बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, चर्चेला वेळ उरू नये अशा बेताने. कायद्याखाली केलेले नियमही पटलावर येतात आणि सभागृहाला ते बदलता येतात. अनुच्छेद ३७१(२)खाली झालेल्या विदर्भ विकास मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद होती. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा अनुशेष मागायला तोच हक्काचा दस्तऐवज. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. तेव्हा ‘मंडळ गेले’ अशी ओरड झाली, ती योग्यच होती. पण सभागृहापुढे दरवर्षी यायला हवा असा एक कागद त्याबरोबर बंद झाला, याबद्दल मला आपल्याकडे फारसे कोणी बोलताना दिसले नाही.

अलीकडे एक दार नागरिकांसाठी उघडले गेले, तेही नागपूरच्या अधिवेशनात. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४मध्ये आले होते. नवी विधानसभा आल्यावर ते डिसेंबरात नागपुरात पुन्हा मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि त्या बारा हजारांवर आल्या. निवेदनांसारख्या त्या आवक शाखेत थांबल्या नाहीत, थेट विधिमंडळाच्या समितीसमोर गेल्या. बदल झाले ते थोडे. जुलै २०२५मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले. सूचना पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी एकच छापील मजकूर सही करून पाठवला होता, अशी चर्चा तेव्हा झाली. समितीपुढे असा मजकूर हजार वेळा आला तरी ती एकच सूचना ठरते. अमुक खंडातील अमुक शब्दाऐवजी अमुक शब्द घाला, असे लिहून देणारा एखादाच असतो. समितीच्या टेबलावर दुरुस्तीचा मसुदा तयार होताना त्याचे वाक्य समोर असते.