वावटळ उगवते जमिनीतून

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या बांध्या भेगाळलेल्या असतात आणि तेंदूपाने गोळा करण्याच्या फळीवर पानांचे पुडे उन्हात वाळत पडलेले असतात. अचानक एका कोपऱ्यात धूळ गरगरू लागते, पुडे उधळते आणि दोन-चार मिनिटांत विरून जाते. हीच वावटळ. समुद्रावरही असाच फिरता, पाण्याचा भासणारा खांब उभा राहतो; त्याला जलस्तंभ म्हणतात. आभाळाची सोंड खाली येऊन पाणी ओढते, असा त्याबद्दलचा जुना समज आहे. माझे म्हणणे असे की वावटळीचे, आणि शांत हवेतल्या जलस्तंभाचेही, मूळ खाली शोधावे. चंद्रपुरात पारा ४६ अंशांपुढे जातो तेव्हा उघडी जमीन हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. तिच्यालगतची हवा वर उसळते, भोवतालची आत धावते. त्या आत येणाऱ्या हवेत थोडीशी फिरकी असली, तर वर्तुळ आकसताना तिचा वेग वाढतो. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रभाव इतक्या लहान आकारावर जाणवत नाही, म्हणून वावटळ डावीकडेही फिरते आणि उजवीकडेही.

यावर कोणी म्हणेल, जलस्तंभ तर ढगालाच लटकलेला दिसतो. मोठ्या गडगडाटी वादळातल्या जलस्तंभांबाबत ते खरेच आहे; तिथे फिरकी ढगातूनच येते. पण वाढत्या ढगाखाली तयार होणाऱ्या साध्या जलस्तंभांचे फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ विमानांतून निरीक्षण झाले, तेव्हा सोंड दिसण्याआधीच पाण्यावर काळसर गोल डाग आढळला. डोळ्यांना दिसणारा खांब म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. दाब घटल्यामुळे हवेतल्या बाष्पाचेच थेंब होतात, तेही आधी ढगाजवळ, म्हणून सोंड वरून उतरल्यासारखी भासते. खरे पाणी तुषारांच्या रूपात तळाशी तेवढे उडते.

मग आमच्याकडच्या आसोलामेंढा किंवा घोडाझरी तलावावर भर उन्हाळ्यात असे खांब का उठत नाहीत? कारण पाणी सावकाश तापते. दुपारी ते काठच्या जमिनीपेक्षा थंड असते आणि त्यावरची हवा जागची उठत नाही. गावच्या बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याचीही तीच गोष्ट. जंगलात सावलीमुळे जमीन कमी तापते, म्हणून तिथे वावटळ सहसा उठत नाही, असे म्हटले तर त्यावरचा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे: उन्हाळ्यात सागवान निष्पर्ण असते, मग सावली कसली? सावली विरळ होते हे मान्य, पण खोड आणि बांबूची रांजी जमिनीलगतचा वारा अडवतात आणि फिरकीला मोकळे मैदान मिळत नाही. तरीही मोहफुले वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळलेला असेल, तर मोकळ्या बांधीतून आलेली वावटळ धगधगते पान उचलून पलीकडच्या कोरड्या पाचोळ्यात टाकू शकते.