पणजोबांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं?

"आमच्या पणज्याच्या डोक्यावर एका रुपयाचं कर्ज नव्हतं. तुम्हा पोरांनाच खर्च आवरत नाही." कळंबमध्ये हे मी लग्नाच्या मांडवात ऐकतो, मोंढ्यात ऐकतो. कर्जापायी कर्ता माणूस गेलेल्या घराच्या ओसरीवर, दहाव्यालाही ऐकतो. तिथे मात्र ते सहन होत नाही. गेलेल्यावर आणि मागे राहिलेल्यांवर दोष टाकणारं हे वाक्य खोटं आहे.

1820च्या सुमारास थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी करून ती लिहून ठेवली. पेशवाई बुडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. गावातले बहुतेक कुणबी तेव्हाच सावकाराचे देणेकरी होते.

"ते पुण्याकडचं झालं, आपण निजामाच्या मुलखातले," असं यावर उत्तर येतं. पण मांजरेकाठचा पाऊस तेव्हाही असाच बेभरवशाचा होता. निजामाचा दिवाण सालारजंग याच्या सुधारणांनंतर सारा धान्याच्या वाट्याऐवजी रोखीने भरायचा होता, आणि रब्बीची ज्वारी खळ्यावर येणार फाल्गुनात. तोवर बी कुठून आणायचं? बैल मेला तर तिफण कशाला जुंपायची? मग दिढीने धान्य उचलायचं: एक मण नेलं, सुगीला दीड मण परत. 1876 ते 78चा दुष्काळ निजामाच्या मुलखातही होता. त्यातून जो वाचला त्याला पुन्हा बैल घेण्यासाठी सावकाराचंच दार होतं.

उलट आपल्याकडे जरा जास्तच अडचण होती. 12 मे 1875ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. दंगे पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. सोलापूर जिल्ह्यात असल्यामुळे शेजारची बार्शी त्यात आली. कळंब निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, म्हणून ते बाहेर राहिलं. हैदराबादचा सावकारी कायदा आला 1349 फसलीत, म्हणजे 1940च्या सुमारास. मधली साठ वर्षं मोजा.

राहिला लग्नाचा खर्च. दंग्यांच्या त्याच आयोगाने नोंदवलं की कर्जाचं कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिलं जातं. हे दीडशे वर्षांपूर्वी सरकारी अहवालात छापून आलं, तरी आपण अजून मुलीच्या बापाकडेच बोट दाखवतो.

त्याच काळात अमेरिकेत 1862च्या कायद्याने नव्या वसाहतकऱ्याला 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. तिथल्या मध्य-पश्चिमेतलेही कित्येक शेतकरी भाव पडल्यावर गहाणाच्या हप्त्यांखाली दबले आणि 1890च्या दशकात त्यांनी त्यावर राजकीय चळवळ उभी केली. त्यांना कुणी उधळे म्हणावं का?

जुन्या काळाबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. "तेव्हाची माणसं शंभर वर्षं जगायची": एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आतबाहेर होतं, कारण असंख्य लेकरं पाळण्यातच जात. "एका घरात पंचवीस माणसं": असे वाडे होते, पण थोडे, जुन्या जनगणनांत एका घरामागे सरासरी पाचेक माणसंच दिसतात. "इंग्रज आपल्या जिल्ह्यात आलेच नाहीत": 1853 ते 1860 आपला तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे होता आणि त्यातली काही वर्षं मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी त्याचा कारभार पाहत होता.

पणजोबांबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर माळवदाच्या घरातली जुनी ट्रंक उघडा. मोडीतला किंवा उर्दूतला एखादा कागद सापडला तर रद्दीत घालू नका. वाचता येणाऱ्या माणसाकडे न्या आणि आधी रक्कम, मग व्याजाचा दर, मग गहाण टाकलेल्या रानाचं नाव विचारा.