उसन्या सुरांची उमेदवारी

मुंबईत 1984 साली ‘रॉक मशीन’ नावाचा जो बँड उभा राहिला, त्याच्या आरंभीच्या वर्षांची हकीकत डहाणू-तलासरीच्या मुलुखात बसून लिहावी, यात प्रथमदर्शनी विसंगती दिसेल. परंतु तारपा हे इथले फुंकवाद्य ज्याने जवळून ऐकले आहे त्याला त्या मंडळींची खरी अडचण मुंबईकरापेक्षा लवकर उमगेल, अशी माझी खात्री आहे.

गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बेस वाजविणारे मार्क सेल्विन आणि पुढे गायक म्हणून नावारूपास आलेले उदय बेनेगल, या साऱ्यांची निष्ठा विलायती आणि अमेरिकी रॉकवर जडलेली होती. परदेशी वाद्यांवर जबर जकात, ध्वनिमुद्रणाची साधने तुटपुंजी, आणि कॉलेजांचे महोत्सव किंवा धोबीतलावचे रंगभवन येथे जमणारा श्रोता असा, की कॅसेटवर ऐकून पाठ झालेले गाणे हुबेहूब वाजले तरच त्याने माना डोलवाव्यात.

आता तारप्याकडे पाहा. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविणारे मेण, एवढ्यावर ते वाद्य सिद्ध होते. वादक गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही, आणि त्याने चाल बदलली की फेर धरून नाचणाऱ्यांची पावले आपोआप बदलतात. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून जगभर पोहोचलेला तो वलयाकार फेर याच नाचाचा. ही चाल कोणाची, असे त्या फेरातले कोणी विचारीत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेला दाखला कशाला? रॉक मशीनच्या पोरांजवळ नेमका हा वारसा नव्हता. त्यांचा माल उसना, म्हणून मालकी सिद्ध करण्याची जबाबदारीही त्यांच्याच शिरावर.

ती त्यांनी स्वतः गाणी रचून पत्करली. 1988 साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही ध्वनिफीत निघाली, 1990 साली दुसरी. माझ्या मते शब्द स्वतःचे झाले तरी ठेवण अद्याप परकीच होती. पण एवढ्या प्रतिकूल काळात स्वरचित इंग्रजी रॉक बाजारात आणणे ही सामान्य हिंमत नव्हे. पुढे उपग्रह दूरचित्रवाणीमुळे घरोघरी जगभरचे संगीत दिसू लागले, आणि 1993 साली बँडने जुने नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे धारण केले. उमेदवारीत तोवर नऊ वर्षे खर्ची पडली होती.