कुणीच न दाबलेली कळ!

कीबोर्डला कुणाचंच बोट लागलेलं नाही. तरी पडद्यावर अक्षरं उमटतायत! पटापट, एकामागून एक! भूत आलं की काय?

छे! हे तर एका प्रोग्रॅमचं काम!

दोस्ता, आपण कळ दाबतो तेव्हा कॉम्प्युटरला आपलं बोट दिसतं का? मुळीच नाही! त्याच्यापर्यंत पोचतो फक्त एक नंबर. समज, वर्गात बाई वहीत मान घालून बसल्यात. दाराशी उभा मॉनिटर चिठ्ठ्या पाठवतोय : ‘३० नंबर आत आला.’ ‘३० नंबर बाहेर गेला.’ बाई वर बघतच नाहीत. चिठ्ठी आली की झालं!

आणि माहितीये? पीसीच्या जुन्या पद्धतीत इंग्रजी ‘ए’च्या कळीचा नंबर खरोखरच ३० आहे! कळ सोडली की त्यात १२८ मिळवायचे. किती झाले? १५८! म्हणजे एका अक्षरापायी दोन चिठ्ठ्या! एक दाबल्याची, एक सोडल्याची.

मग तश्शीच चिठ्ठी दुसऱ्या कुणी दिली तर? बाईंचं काम तसंच चालणार! विंडोजमध्ये त्यासाठी ‘सेंडइनपुट’ नावाची सोयच आहे. प्रोग्रॅम तिच्या हाती चिठ्ठ्या देतो आणि अक्षरं उमटतात.

पण सोडल्याची चिठ्ठी द्यायची राहिली, तर? फजिती! ‘शिफ्ट’ दाबल्याची चिठ्ठी गेली, सोडल्याची गेलीच नाही. कॉम्प्युटर समजतो, शिफ्ट अजून दाबलेलीच आहे. मग इंग्रजीत काहीही टाइप करा, सगळी अक्षरं मोठ्या लिपीत!

प्रोग्रॅमने चिठ्ठ्या पाठवणं ही नुसती गंमत नाही हं. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी हा मोठाच आधार आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गालाचा स्नायू किंचित हलवायचे. चष्म्यावरचा सेन्सर ते टिपायचा आणि पडद्यावरचं अक्षर निवडलं जायचं. एवढ्याशा हालचालीतून त्यांनी भाषणं लिहिली! मला तर हे कितीदा आठवलं तरी नवलच वाटतं.

आता कुणी लबाडीने चिठ्ठ्या पाठवल्या तर? विंडोज तयारीत असतं! अशा प्रत्येक चिठ्ठीवर ते ‘ही प्रोग्रॅमकडून आली’ अशी खूण करतं. आणि ‘कंट्रोल, ऑल्ट, डिलीट’ या तीन कळा एकत्र दाबल्याची चिठ्ठी ‘सेंडइनपुट’कडून घेतच नाही! कारण पासवर्ड चोरायला कुणी खोटा पडदा उभा केला, तरी या तीन कळा थेट विंडोजलाच हाक मारतात.

मराठीचं काय, विचारतोस? कीबोर्डवर ‘अ’ छापलेला नसला तरी अडत नाही! चिठ्ठीवर कळीऐवजी थेट अक्षराचा नंबर लिहिता येतो. जगातल्या अक्षरांच्या ‘युनिकोड’ यादीत ‘अ’चा नंबर आहे २३०९. ‘आ’चा? २३१०! ‘इ’ आणि ‘ई’ त्याच ओळीत पुढे उभे आहेत. सांग बरं, ‘ई’चा नंबर कोणता?