दूध नको म्हणणारं मूल : नखरा, अपचन की ॲलर्जी?



कोल्हापुरात राहून मुलाने दूध नाकारणं म्हणजे घरात मोठाच प्रश्न! १९६३ साली स्थापन झालेला आपला 'गोकुळ' दूध संघ, गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून मिळणारं म्हशीचं धारोष्ण दूध, तालमीतला दूध-बदामाचा खुराक. अशा गावात "मला दूध सोसत नाही" हे कुणी मनावर घेत नाही. "नाटकं करू नको, पी गुमान!" म्हणत पेला तोंडाला लावला जातो. पण काही मुलं खरंच नाटक करत नसतात.

दोन वेगळ्या गोष्टी

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. काही मुलांमध्ये साधारण पाच वर्षांनंतर ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. जुलाबाच्या आजारानंतर हा त्रास काही दिवसांपुरताही होतो. दूध उकळल्याने लॅक्टोज जात नाही. मात्र दही-ताकात ते कमी असल्याने अशा मुलांना बहुधा सोसतं. यात त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो.

ॲलर्जी वेगळी. इथे शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजते. अंगावर पित्त उठतं, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, कधी दम लागतो. अशा वेळी "थोडं दही चालेल की" असं म्हणून चालत नाही. गाईऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध हाही उपाय नव्हे, कारण त्यांची प्रथिनं बरीच सारखी असतात.

ओळखायचं कसं?

एक साधी वही करा. चार रकाने आखा : काय खाल्लं, किती वाजता, त्रास काय झाला, किती वेळाने. दोन आठवडे नोंदी ठेवा. लॅक्टोजचा त्रास बहुधा अर्ध्या ते दोन तासांत दिसतो. म्हणजे सकाळी सात वाजता दूध पिऊन आलेलं मूल पहिल्या-दुसऱ्या तासाला पोट धरून बसतं. आपल्याला वाटतं, गणिताचा तास टाळतंय! शिक्षकांनी ही वेळ पालकांना कळवली, तर अर्धं काम होतं.

फक्त पोटाची तक्रार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस दूध बंद करून पुन्हा थोडं देऊन बघता येतं. पण पित्त, सूज किंवा दम यांपैकी काहीही एकदा जरी झालं असेल, तर हा प्रयोग घरी अजिबात करू नका.

गव्हाबाबत एक खास सूचना. सीलियाक या आजारात गहू आणि जवातलं ग्लूटेन आतड्याला इजा करतं. शंका आली की लोक लगेच चपाती बंद करतात. तसं करू नका. आधी रक्ततपासणी करा, कारण गहू बंद केल्यावर तपासणीत आजार लपू शकतो. निदान झालं, तर आपली ज्वारीची भाकरी, तांदूळ, नाचणी आहेतच. फक्त डबीतल्या हिंगातही अनेकदा गव्हाचं पीठ असतं, हे लक्षात ठेवा.

बंद केलं, मग द्यायचं काय?

दूध बंद झालं म्हणून कॅल्शियम बंद होता कामा नये. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ, राजगिरा, पालेभाज्याही आहेत. एकाच वेळी चार-पाच पदार्थ तोडू नका, मुलाची वाढ खुंटते.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय मुलालाही लावा. दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्यं पदार्थात असतील, तर तसं पाकिटावर छापणं भारतात बंधनकारक आहे. सुट्या पदार्थांचं मात्र विचारूनच घ्यावं लागतं. पांढऱ्या रश्शात काजू-तीळ आणि भाजीत शेंगदाण्याचं कूट वरून दिसत नाही.

शाळेत काय करायचं?

- प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लेखी माहिती घ्या. ती वर्गशिक्षक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, दोघांकडे असू द्या.
- वाढदिवसाची चॉकलेटं, चिक्की वाटण्याआधी विचारा.
- त्या मुलाला वेगळं बसवू नका. "याला हे सोसत नाही, जसा कुणाला चष्मा लागतो तसं," एवढं वर्गाला सांगितलं की पुरे.
- खाल्ल्यावर दम लागला, घसा आवळला, आवाज बसला किंवा मूल गळून गेलं, तर लगेच १०८ ला फोन करा. मुलाला चालवू नका. आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. डॉक्टरांनी ते लिहून दिलं असेल, तर ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे दोन शिक्षकांना तरी ठाऊक हवं. गोळी देऊन वाट बघत बसू नका.

काही मुलांची दुधाची ॲलर्जी वाढत्या वयात जाते. पण ती गेली की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, पाहुण्यांनी आग्रह करून नव्हे! तोवर मूल "नको" म्हणालं, तर आधी एवढंच विचारा : "खाल्ल्यावर काय होतं रे बाळा?" आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.