दात पांढरे करणारं जेल दाताच्या जिवंत पेशींचं काय करतं?

बहिणीच्या लग्नाआधी मी फोनवरून दात पांढरे करायचं किट मागवलं होतं. तिसऱ्या दिवशी थंड पाणी प्यायलो आणि थेट मस्तकात कळ गेली. आरशात बघितलं तर दात ठणठणीत. मग दुखलं कुठे?

दातात जिवंत काय असतं?

वरच्या इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नसते. त्याच्या आत डेंटिन, आणि मधोमध पल्प, म्हणजे दाताचा गाभा. तिथे रक्तवाहिन्या, नसा आणि डेंटिन तयार करणाऱ्या पेशी असतात. अशा जेलमध्ये बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. पेरॉक्साइडचे रेणू इतके लहान असतात की ते इनॅमल आणि डेंटिनमधून झिरपत गाभ्यापर्यंत पोचतात.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं?

काढलेल्या अक्कलदाढेच्या गाभ्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवता येतात. त्या डिशच्या तळाला चिकटून लांबट पसरतात. त्यांच्यावर तीव्र पेरॉक्साइड टाकलं की त्या आक्रसतात, गोल होतात आणि तळापासून सुटतात.

कोण जिवंत, कोण मेलं हे रंगावरून कळतं. कॅल्सीनमुळे जिवंत पेशी हिरव्या चमकतात. प्रोपिडियम आयोडाइड आवरण फाटलेल्या पेशीत शिरतं, म्हणून मेलेल्या पेशी लाल दिसतात. मोजणीसाठी एमटीटी नावाची चाचणी आहे. जिवंत पेशी त्यातलं पिवळं रसायन जांभळं करतात. जांभळा जितका गडद, तितक्या जिवंत पेशी जास्त. हे प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त घसरलं, तर आयएसओ १०९९३-५ या मानकानुसार ते रसायन पेशींना घातक समजतात.

म्हणजे घाबरायचं का?

लाल पेशींचा फोटो असलेली रील दिसली, तर आधी तीन गोष्टी विचारा. रसायन किती टक्के होतं? किती वेळ ठेवलं? आणि मधे डेंटिनची भिंत होती का? डिशमध्ये पेशी उघड्या असतात, तोंडात नसतात. टक्केवारीतही गंमत आहे: १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण ३.५ टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं.

पण दाताला कीड किंवा तडा असेल, तर हीच भिंत कमजोर होते. माझ्या एका दाढेत कीड होती, हे मला नंतर डेंटिस्टने सांगितलं. किट विकणाऱ्याने मला काहीच विचारलं नव्हतं. युरोपियन युनियनमध्ये ०.१ टक्क्यांहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादनं फक्त डेंटिस्टना विकता येतात. पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली होतो आणि १८ वर्षांखालच्यांना ती वापरता येत नाहीत.

तेव्हा किट कार्टमध्ये टाकण्याआधी एकदा दात दाखवून घ्या. इनॅमल किती चमकतंय ते आरशात दिसतं. आतल्या पेशींचे हाल दिसत नाहीत.