पालकाची सही

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेंत रामटेकच्या गडावर एखादें मूल चुकलें तर नवल नाहीं. पायऱ्यांवरच्या गर्दींत हात सुटतो, कोणीतरी मुलाला पोलिसांकडे पोंचवितो, भोंग्यावरून वर्णन सांगितलें जातें, आणि घटकाभरांत रडून लाल झालेली आई धांवत येते. परंतु ज्या मुलाकरितां कोणी धांवत येणार नसतें, त्याचें पुढें काय होतें? अशीं मुलें आमच्या वर्गांतहि बसतात. त्यांना आम्ही ओळखतों तें बहुधा एकाच खुणेवरून: प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीची जागा कोरी असते.

कायद्याची वाट तशी सरळ आहे. 2015 च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणें असें मूल, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें. समिति जिल्ह्याची असते. तींत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात, आणि मुलानें कोठें राहावें हें तीच ठरविते. 1098 या क्रमांकावर कोणालाहि, खुद्द मुलालाहि, विनामूल्य कळवितां येतें. रामटेकच्या मुलाला समितीपुढें जाण्यासाठीं सुमारें 50 किलोमीटरवर नागपुरास जावें लागतें. समितीच्या हातीं उपाय अनेक: आईबापांकडे परत पाठविणें, नातेवाईकांकडे सोंपविणें, दत्तक, प्रतिपालक कुटुंब, आणि अखेरीस बालगृह. संस्था हा शेवटचा उपाय समजावा असें कायदाच सांगतो. व्यवहारांत मात्र पुष्कळदां हा क्रम उलटा होतो, आणि तो उलटविण्यांत आमच्यासारख्या शहाण्यांचा हात असतो.

दोन वर्षांपूर्वीं सातवींतील एका मुलाचें असेंच झालें. बाप वारलेला, आई दुसरें लग्न करून गेलेली. सांभाळणारी म्हातारी आजी, रोजमजुरी करणारी. वडिलांच्या सहीवांचून अर्ज घ्यावयाचा नाहीं असा आमचा नियम. आजी शाळेंत आली आणि म्हणाली, "मास्तर, बापाची सही कोठून आणू? माहा अंगठा चालन का?" अंगठा आम्हीं चालवून घेतला, परंतु तिची दशा पाहून आम्हींच तिला सुचविलें कीं, नातवाला बालगृहांत ठेवावा, तेथें जेवण, कपडे, अभ्यास सर्व होईल. रीतसर आदेश झाला व मुलगा गेला. तेथें त्याची आबाळ झाली असें मुळींच नाहीं. दिवाळीनंतर आम्ही भेटावयास गेलों तेव्हां तो अंगानें भरला होता. त्यानें आम्हांस एकच विचारलें, "आजीनं मले काऊन देऊन टाकलं?" आमच्या बी. एड.च्या पुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें.

सल्ला देतांना आमच्या डोळ्यांपुढें अनाथाश्रमाचें जुनें, गौरवाचें चित्र होतें. 1896-97 च्या दुष्काळांत नागपूर जिल्हा मध्यप्रांतांत होता. त्या प्रांतांत पंडिता रमाबाई स्वतः हिंडल्या, उपाशी मुली गोळा करून घेऊन गेल्या, आणि त्यांतून केडगांवचें मुक्तिसदन वाढलें. रमाबाईंचे आईबाप दुष्काळाच्या हालांतच गेले होते. पोरकेपण त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. पण त्या मुलींना परत जावयास घरच उरलें नव्हतें. आजच्या बालगृहांतील पुष्कळ मुलांची आई किंवा बाप, निदान आजी वा मामा, हयात असतात. घर मोडतें तें दारिद्र्यानें, दारूनें, आजारानें. दुष्काळांतलें औषध येथें लागू पडेलच असें नाहीं.

या बाबतींत रुमानियांतील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 2000 सालाच्या सुमारास बुखारेस्ट शहरांतील संस्थांमधलीं 136 लहान बालकें निवडून, जणूं चिठ्ठ्या टाकून, कांहींना प्रतिपालक कुटुंबांत दिलें व कांहींची संस्थेंतील व्यवस्था पूर्वीप्रमाणें चालूं ठेविली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धि आणि माणसाला माया लावण्याची शक्ति अधिक वाढली. विशेषतः जीं दोन वर्षांच्या वयाआधीं गेलीं, त्यांची. (चिठ्ठ्या टाकणें निष्ठुर वाटतें खरें, पण तेथें तोंवर अशीं कुटुंबें जवळ जवळ नव्हतींच, आणि मागें राहिलेल्यांस पुढें घर मिळाल्यास कोणी अडविलें नाहीं.)

प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. मूल दुसऱ्याच्या घरीं राहतें, परंतु त्याचें नांव व मूळचें नातें तुटत नाहीं, आणि समितीची देखरेख असते. आपल्याकडे वार लावून जेवण्याची चाल होती. गरीब विद्यार्थी सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं पान मांडून बसे. त्या अन्नावर कित्येक विद्वान झाले, पण ती सोय बहुतेक एकाच जातीच्या मुलग्यांपुरती होती, आणि सात घरीं जेवणाऱ्याला स्वतःचें म्हणावें असें त्यांतलें एकहि घर नसे. परक्या मुलाला रोज आपल्या घरीं निजावयास ठेवणें आजहि लोकांना जड जातें. आधीं त्याची जात विचारतात. 2024 च्या केंद्रीय नियमावलीनें 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीसहि प्रतिपालक होण्याची मुभा दिली, आणि पांच वर्षांऐवजीं दोन वर्षें सांभाळल्यावर तेंच मूल दत्तक मागतां येईल असें ठरविलें. तरीहि पुढें येणारीं घरें थोडीं.

आणखी एक अडचण अठराव्या वाढदिवसाची. त्या दिवशीं इतर मुलें पेढे वाटतात; बालगृहांतील मुलाला मात्र सामान बांधावें लागतें. 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, पण ती सर्वांस पुरत नाहीं. अपंग मुलांची तर फारच कुचंबणा. अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं शंभरांहून अधिक बेवारस अपंग मुलांना आपलें नांव दिलें. 2024 सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षें झालीं म्हणून अशा मुलांना बाहेर काढूं नये, हें त्यांचें मागणें फार जुनें आहे.

आमच्या विद्यार्थ्याला परत आणण्याचा मार्ग पूर्वीपासून होता. आम्हांस तो ठाऊक नव्हता, इतकेंच. राज्याच्या बालसंगोपन योजनेंत, जिला आतां सावित्रीबाई फुले यांचें नांव दिलें आहे, मुलामागें दरमहा 2,250 रुपये मिळतात. 2023 पूर्वीं 1,100 मिळत. केंद्राच्या मिशन वात्सल्यांत 4,000 रुपयांचें साहाय्य आहे. बापाच्या मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, मग गृहचौकशी आणि समितीचा आदेश. आजीच्या नागपुरास चार खेपा झाल्या, आणि दर खेपेस एका दिवसाची मजुरी बुडाली. दोन खेपांना आम्ही बरोबर गेलों. चारहि खेपांना जावयास हवें होतें.

मुलगा सध्यां नववींत आहे. गणितांत कच्चा आहे. परवां प्रगतिपुस्तकें परत आलीं, तेव्हां सहीच्या जागीं अंगठा होता, आणि त्याखालीं त्यानें स्वतःच्या अक्षरांत आजीचें पूर्ण नांव लिहिलें होतें.